सांधारोपण शस्त्रक्रियेतील एकल-वापर साधनांचा पुनर्वापर

सांधारोपण शस्त्रक्रियेतील एकल-वापर साधनांचा पुनर्वापर म्हणजे गुडघा, खुबा, खांदा यांसारखे सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियेत वापरलेली, आणि उत्पादकाने केवळ एकदाच वापरण्यासाठी बनवलेली साधने स्वच्छ व निर्जंतुक करून दुसऱ्या रुग्णासाठी पुन्हा वापरणे होय. करवतीची पाती, ड्रिलची टोके, हाड कोरणारी बर, हाडे धुण्याचे दाबयंत्र, सिमेंट मिसळण्याची भांडी आणि सांध्याच्या दुर्बीण शस्त्रक्रियेतील शेव्हर यांचा या साधनांत समावेश होतो. जगातील काही देशांत असा पुनर्वापर कायद्याच्या चौकटीत आणि परवानाधारक संस्थांमार्फत होतो, तर काही देशांत त्यावर बंदी आहे. भारतात साधनावर 'एकदाच वापरा' अशी सूचना छापणे आवश्यक असले, तरी रुग्णालयांत होणाऱ्या पुनर्प्रक्रियेसाठी अमेरिका किंवा युरोपप्रमाणे स्वतंत्र व सविस्तर परवानापद्धत नाही. खर्च व कचरा कमी करण्याची गरज एका बाजूला आणि रुग्णाची सुरक्षितता व त्याचा जाणून घेण्याचा हक्क दुसऱ्या बाजूला, असे या वादाचे स्वरूप आहे.

व्याख्या आणि चिन्ह

शस्त्रक्रियेच्या साधनांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग पुनर्वापरयोग्य साधनांचा. चिमटे, हातोडे, हाड मोजण्याचे साचे, बहुतेक रीमर आणि करवतीचा मोटरयुक्त दांडा ही साधने पोलादासारख्या टिकाऊ धातूंची असतात. ती कशी उघडावीत, कशी धुवावीत आणि किती तापमानाला निर्जंतुक करावीत, याच्या सूचना उत्पादक देतो. दुसरा वर्ग एकल-वापर साधनांचा. ही साधने एका रुग्णावर, एका शस्त्रक्रियेत वापरून टाकून द्यायची असतात. त्यांच्या वेष्टनावर वर्तुळात '२' हा आकडा आणि त्यावर तिरकी रेघ असे आंतरराष्ट्रीय चिन्ह छापलेले असते. त्याचा अर्थ 'पुन्हा वापरू नये' असा आहे.

येथे तीन क्रियांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. पुनर्वापरयोग्य साधन उत्पादकाच्या सूचनांनुसार निर्जंतुक करून वापरणे ही रुग्णालयाची रोजची रीत आहे. एकल-वापर साधन वापरल्यानंतर स्वच्छ करून, तपासून, निर्जंतुक करून पुन्हा वापरायोग्य बनवणे याला पुनर्प्रक्रिया म्हणतात. तिसरी क्रिया म्हणजे वेष्टन उघडले, पण रुग्णावर न वापरलेले साधन पुन्हा निर्जंतुक करणे. वेगवेगळ्या मापांचे स्क्रू किंवा पाती शस्त्रक्रियेच्या वेळी उघडली जातात आणि त्यांतील काही वापरली जात नाहीत, तेव्हा हा प्रश्न उभा राहतो. अनेक नियमावल्यांत या तिसऱ्या क्रियेचा विचार स्वतंत्रपणे केला आहे.

शरीरात बसवलेला कृत्रिम सांधा काढून दुसऱ्या रुग्णाला बसवणे हा या लेखाचा विषय नाही. काढलेले रोपण पुन्हा बसवणे वैद्यकीयदृष्ट्या मान्य नाही.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुग्णालयांतील बहुतेक साधने काच, रबर आणि पोलाद यांची असत, आणि ती उकळून किंवा वाफेच्या दाबयंत्रात निर्जंतुक करून वर्षानुवर्षे वापरली जात. पुढे स्वस्त प्लॅस्टिक उपलब्ध झाले. उष्णता न सोसणाऱ्या वस्तू एथिलीन ऑक्साइड वायूने कारखान्यातच निर्जंतुक करून बंद पाकिटात विकणेही शक्य झाले. त्यामुळे एकदा वापरून टाकण्याच्या साधनांची लाट आली. १९८० च्या दशकात एड्स आणि रक्तातून पसरणारी कावीळ यांच्या भीतीने तिला अधिक बळ दिले.

सांधारोपणाचा आधुनिक इतिहास याच काळातला आहे. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये आजच्या खुब्याच्या रोपणाचा पाया घातला. आरंभीच्या काळात त्यांच्या रुग्णांमध्ये जंतुसंसर्गाचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. शस्त्रक्रियागृहातील हवा गाळणारा विशेष कक्ष, शल्यचिकित्सकांसाठी बंदिस्त पोशाख आणि इतर काटेकोर शिस्त यांमुळे ते १ टक्क्याच्या खाली आले. सांधारोपणात स्वच्छतेचा मापदंड इतर अनेक शस्त्रक्रियांपेक्षा कडक का ठेवला जातो, याचे मूळ या अनुभवात आहे.

सांधारोपणात संसर्ग अधिक गंभीर का

धातू व प्लॅस्टिकचा कृत्रिम सांधा ही शरीराच्या दृष्टीने परकी वस्तू असते. तिला रक्तपुरवठा नसतो. त्यामुळे तिच्यापर्यंत शरीराच्या संरक्षक पेशी आणि प्रतिजैविके पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. अशा पृष्ठभागावर फार थोडे जंतूही चिकटून स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. या आवरणाला जैवपटल म्हणतात. एकदा जैवपटल पक्के झाले, की केवळ औषधाने संसर्ग निपटणे अवघड होते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि एरवी त्वचेवर निरुपद्रवीपणे राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हे यातील प्रमुख जंतू होत.

प्राथमिक सांधारोपणानंतर खोलवर संसर्ग होण्याचे प्रमाण साधारणतः १ ते २ टक्के मानले जाते. प्रमाण लहान वाटले, तरी त्याची किंमत मोठी असते. पुष्कळदा बसवलेला सांधा काढून टाकावा लागतो, त्या जागी प्रतिजैविकयुक्त सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवावा लागतो, काही आठवडे औषधे द्यावी लागतात आणि नंतर दुसरी शस्त्रक्रिया करून नवा सांधा बसवावा लागतो. चालते-फिरते होण्यासाठी शस्त्रक्रियेला आलेला वृद्ध रुग्ण यामुळे महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळू शकतो.

अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांच्या वर्गीकरणानुसार निर्जंतुक ऊतींत शिरणारी साधने 'अतिमहत्त्वाची' ठरतात आणि ती पूर्णपणे निर्जंतुक असावी लागतात. हाडाला स्पर्श करणारी सांधारोपणाची सर्व साधने या वर्गात मोडतात. प्रक्रियेनंतर साधनावर एखादा जिवंत जंतू उरण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून अधिक नसावी, असा निर्जंतुकतेचा सर्वमान्य निकष आहे.

पुनर्वापर होणारी प्रमुख साधने

करवतीची पाती: गुडघारोपणात मांडीच्या व नडगीच्या हाडाचे टोक कंप पावणाऱ्या करवतीने सपाट कापले जाते. पाते धातूच्या साच्यातील खाचेतून चालते. त्यामुळे त्याचे दात आणि बाजू दोन्ही झिजतात. बोथट पाते हाड कापण्याऐवजी घासते आणि घर्षणाने उष्णता वाढते. हाडाचे तापमान सुमारे ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिले, तरी त्यातील पेशींना इजा होते, असे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. सिमेंटविना बसवलेल्या सांध्यात हाड वाढून रोपणाला घट्ट धरणे अपेक्षित असते. तेथे भाजलेला किंवा उंचसखल छेद अधिक त्रासदायक ठरतो.

ड्रिलची टोके व बर: यांच्या खोबणीत हाडाचा चुरा आणि मज्जा अडकते. धार कमी झाली, की तेथेही उष्णतेचा प्रश्न येतो, शिवाय टोक हाडात तुटून राहण्याचा धोका वाढतो.

शेव्हर: सांध्याच्या दुर्बीण शस्त्रक्रियेत वापरले जाणारे हे साधन प्रत्यक्ष सांधारोपणाचे नसले, तरी त्याच विभागात, त्याच निर्जंतुकीकरण कक्षात हाताळले जाते. एका पोकळ नळीत दुसरी फिरती नळी अशी त्याची रचना असते. दोन नळ्यांमधील अरुंद फटीत ब्रश पोहोचत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी तपासणीत पुनर्प्रक्रिया केलेल्या शेव्हर पात्यांपैकी जवळपास निम्म्यांवर प्रथिनांचे अंश आढळले होते.

दाबाने पाणी मारणारे यंत्र: सिमेंट भरण्यापूर्वी हाडाची छिद्रे धुण्यासाठी हे वापरतात. त्यात बॅटरी, लहान मोटर आणि नळ्या असतात. ते वाफेची उष्णता सोसत नाही आणि आतून उघडून धुता येत नाही.

सिमेंट मिसळण्याची व भरण्याची साधने: हाडाचे सिमेंट काही मिनिटांत कडक होते. नळीत घट्ट झालेले सिमेंट निघत नाही, त्यामुळे त्यांचा पुनर्वापर व्यवहारतः गैरसोयीचा ठरतो.

मापाचे कटिंग साचे: रुग्णाच्या सीटी किंवा एमआरआय चित्रणावरून त्रिमितीय छपाईने बनवलेले हे नायलॉनचे साचे एकाच रुग्णाच्या हाडाला बसतात. त्यांचा दुसऱ्या रुग्णासाठी उपयोग होऊच शकत नाही.

पुनर्वापरातील धोके

पहिला धोका अपुऱ्या स्वच्छतेचा. निर्जंतुकीकरणापूर्वी साधन दृश्य व अदृश्य मळापासून मुक्त असावे लागते. वाळलेल्या रक्ताच्या किंवा चरबीच्या थराखाली वाफ अथवा वायू पोहोचत नाही, म्हणून 'जे धुता येत नाही ते निर्जंतुक करता येत नाही' हे या शास्त्रातील मूलभूत सूत्र आहे. जंतू मेले, तरी त्यांच्या भित्तिकेतील अंतर्विष वाफेच्या नेहमीच्या निर्जंतुकीकरणाने नष्ट होत नाही.

दुसरा धोका संक्रमणाचा. हेपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. प्रिऑन नावाची सदोष प्रथिने तर १३४ अंशांच्या नेहमीच्या वाफेलाही दाद देत नाहीत.

तिसरा धोका साधनाच्या गुणधर्मांचा. एकल-वापर साधनाची रचना व पदार्थ निवडताना उत्पादकाने वारंवार उष्णता, रसायने आणि धुण्याचा ताण गृहीत धरलेला नसतो. प्लॅस्टिक ठिसूळ होते, विद्युतशस्त्राचे आवरण तडकते, चिकटवलेले भाग सुटतात. एथिलीन ऑक्साइड वापरल्यास पुरेसा वायुविसर्ग न झालेल्या वस्तूत त्याचे विषारी अंश राहतात.

चौथा धोका माग हरवण्याचा. साधन किती वेळा वापरले गेले याची नोंद नसेल, तर ते पाचव्यांदा वापरले जात आहे की पंधराव्यांदा, हे शल्यचिकित्सकालाही सांगता येत नाही. सांधारोपणाचा संसर्ग कधी कधी महिन्यांनी किंवा वर्षांनी उघड होतो. अशा वेळी त्याचा संबंध एखाद्या विशिष्ट साधनाशी जोडणे जवळजवळ अशक्य असते.

उलट बाजूही लक्षात घ्यावी लागते. 'पुनर्वापरयोग्य' असा शिक्का असलेले साधन आपोआप सुरक्षित ठरत नाही. २००९ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात दुर्बीण शस्त्रक्रियेनंतर सात रुग्णांच्या सांध्यांत स्यूडोमोनास जंतूचा संसर्ग झाला. तपासात पुनर्वापरयोग्य शेव्हरच्या दांड्यात धुतल्यानंतरही ऊतींचे अवशेष राहिल्याचे आढळले. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत रुग्णालयांना सावध केले. दुसरीकडे, ब्रिटनमध्ये प्रिऑनच्या भीतीने २००१ च्या आरंभी टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी एकल-वापर साधने सक्तीची करण्यात आली. परंतु त्या साधनांमुळे रक्तस्रावाच्या गुंतागुंती वाढल्याचे दिसल्याने इंग्लंडमध्ये ती सक्ती वर्षअखेर मागे घेण्यात आली. सुरक्षितता शिक्क्यावर अवलंबून नसून साधनाच्या दर्जावर आणि ते हाताळण्याच्या शिस्तीवर अवलंबून असते, हे या दोन्ही घटनांतून दिसते.

नियंत्रित पुनर्प्रक्रियेची पद्धत

परवानाधारक पुनर्प्रक्रियेत साधन रुग्णालयातून विशेष डब्यात गोळा केले जाते. कारखान्यात प्रत्येक साधनाला ओळखचिन्ह दिले जाते, त्याच्या वापराची संख्या मोजली जाते आणि ठरलेली कमाल संख्या ओलांडल्यास ते बाद केले जाते. त्यानंतर भाग वेगळे करणे, विकरे व श्राव्यातीत लहरींच्या साहाय्याने धुणे, भिंगाखाली पाहणी, धार व कार्य यांची चाचणी, वेष्टन, निर्जंतुकीकरण आणि नोंद असे टप्पे असतात. नमुन्यांऐवजी प्रत्येक साधनाची कार्यचाचणी करणे हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

लहान रुग्णालयातील चित्र पुष्कळदा वेगळे असते. साधन हाताने घासून रसायनात बुडवले जाते किंवा फॉर्मेलिनच्या गोळ्या ठेवलेल्या डब्यात ठेवले जाते. फॉर्मेलिनची ही जुनी प्रथा विश्वासार्ह निर्जंतुकीकरण मानली जात नाही. भारतात पोटाच्या दुर्बीण शस्त्रक्रियांनंतर छिद्रांच्या जागी मायकोबॅक्टेरियाचे चिवट संसर्ग झाल्याची अनेक उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली असून त्यांचा संबंध रसायनात अपुऱ्या काळ बुडवलेल्या साधनांशी व दूषित पाण्याशी जोडण्यात आला आहे.

विविध देशांतील कायदे

अमेरिका: अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २००० मध्ये धोरण जाहीर करून एकल-वापर साधनांवर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांना आणि त्रयस्थ कंपन्यांना मूळ उत्पादकांइतक्याच जबाबदाऱ्या लागू केल्या. उघडलेली पण न वापरलेली साधने या धोरणातून वगळण्यात आली. २००२ च्या कायद्याने काही साधनांसाठी स्वच्छता व निर्जंतुकतेची माहिती सादर करणे आणि लेबलवर पुनर्प्रक्रियेचा व ती करणाऱ्याचा उल्लेख करणे बंधनकारक केले. परिणामी बहुतेक रुग्णालयांनी स्वतः पुनर्प्रक्रिया करणे थांबवले आणि हे काम विशेष कंपन्यांकडे गेले. पुढे मूळ उत्पादकही या व्यवसायात उतरले. अस्थिशल्य साधने बनवणाऱ्या स्ट्रायकर कंपनीने २००९ मध्ये असेंट ही पुनर्प्रक्रिया कंपनी विकत घेतली.

युरोपीय संघ: २०१७ च्या वैद्यकीय साधन नियमावलीचे सतरावे कलम या विषयाला वाहिलेले आहे. ही नियमावली २६ मे २०२१ पासून लागू झाली. सदस्य देशाचा कायदा परवानगी देत असेल, तरच पुनर्प्रक्रिया करता येते, आणि ती करणारा सामान्यतः उत्पादक मानला जातो. जर्मनीत अशी परवानगी बऱ्याच काळापासून आहे. फ्रान्सने दीर्घकाळ बंदीचे धोरण ठेवले.

कॅनडा: २०१५ मध्ये आरोग्य विभागाने व्यावसायिक पुनर्प्रक्रियाकारांना उत्पादकांचे नियम लागू होतील, असे जाहीर केले.

भारतातील स्थिती

भारतात वैद्यकीय साधने नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. त्यातील लेबलविषयक नियमानुसार साधन एकाच वापरासाठी असल्यास तसा उल्लेख करावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय साधने औषधांच्या कायदेशीर व्याख्येत आणण्यात आली. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार धारदार वस्तू न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत आणि शरीरातून काढलेली धातूची रोपणे निळ्या चिन्हाच्या डब्यात टाकावी लागतात. वापरलेल्या वस्तू पुन्हा बाजारात येऊ नयेत, हाही या नियमांमागील एक हेतू आहे.

राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या रोपणांच्या कमाल किमती ठरवल्या. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम रोपणासाठी ही मर्यादा वस्तू व सेवा कर वगळून ५४,७२० रुपये होती. ही मर्यादा रोपणाच्या घटकांना लागू होती. शस्त्रक्रियेत लागणाऱ्या पात्यांसारख्या उपभोग्य वस्तू तिच्या कक्षेबाहेर राहिल्या. आयुष्मान भारतसारख्या योजनांत शस्त्रक्रियेसाठी ठरावीक पॅकेज रक्कम मिळते. त्यामुळे वस्तूंवरचा खर्च वाचवण्याचा दबाव रुग्णालयांवर राहतो.

भारतात रोपणासोबत लागणारा साधनांचा संच अनेकदा कंपनीचा वितरक शस्त्रक्रियेपुरता पुरवतो आणि तोच संच पुढे दुसऱ्या रुग्णालयात जातो. हे संच पुनर्वापरयोग्य असले, तरी त्यांसोबत फिरणाऱ्या पात्यांची व ड्रिलच्या टोकांची नोंद ठेवणे, ही जबाबदारी वितरकाची की रुग्णालयाची, हे स्पष्ट ठरलेले असणे महत्त्वाचे असते.

आर्थिक व पर्यावरणीय बाजू

पुनर्प्रक्रियेचे समर्थक मुख्यतः दोन मुद्दे मांडतात. पहिला, पुनर्प्रक्रिया केलेले साधन नव्यापेक्षा बरेच स्वस्त पडते. दुसरा, कचरा कमी होतो. कॅनडातील पाच गुडघारोपण शस्त्रक्रियांच्या कचऱ्याचे वजन करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एका शस्त्रक्रियेमागे सरासरी १३.३ किलो कचरा निघाल्याचे नोंदवले आहे. काही समर्थकांच्या मते 'एकल-वापर' हा शिक्का नेहमीच शास्त्रीय मर्यादा दर्शवत नाही. पुनर्वापराची सुरक्षितता सिद्ध करण्याचा खर्च टाळण्यासाठी किंवा विक्री वाढवण्यासाठीही उत्पादक तो मारू शकतो.

विरोधकांचे म्हणणे असे, की एका संसर्गावरील उपचाराचा खर्च अनेक पात्यांच्या बचतीपेक्षा जास्त असतो. प्रशिक्षित कर्मचारी, योग्य यंत्रे आणि नोंदी यांचा खर्च हिशेबात धरला, तर लहान रुग्णालयातील बचत बरीचशी कागदावरच उरते.

पुराव्यांबाबत दोन्ही बाजूंना सावध राहावे लागते. अमेरिकी सरकारी उत्तरदायित्व कार्यालयाने जानेवारी २००८ च्या अहवालात म्हटले, की नियंत्रित पुनर्प्रक्रिया केलेल्या साधनांमुळे धोका वाढतो असे उपलब्ध माहितीवरून दिसत नाही. मात्र नव्या आणि पुनर्प्रक्रिया केलेल्या साधनांची काटेकोर तुलना करण्याइतकी ही माहिती पुरेशी नाही. हा निष्कर्ष परवानाधारक व तपासणीखालील व्यवस्थेविषयी आहे. त्याचा आधार घेऊन अनियंत्रित पुनर्वापराचे समर्थन करता येत नाही.

नैतिक प्रश्न व रुग्णाचे हक्क

पुनर्वापरातील बचतीचा लाभ कोणाला मिळतो, हा कळीचा नैतिक प्रश्न आहे. एकच पाते अनेक रुग्णांसाठी वापरून प्रत्येकाच्या देयकात नव्या पात्याची किंमत लावली गेली, तर धोका रुग्णाच्या वाट्याला आणि लाभ रुग्णालयाच्या वाट्याला जातो. हा प्रकार वैद्यकीय प्रश्नापेक्षा फसवणुकीचा ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला. २००८ मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात न्यायालयाने रुग्णाची संमती पुरेशा माहितीवर आधारलेली असावी, हे तत्त्व स्पष्ट केले. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांत रुग्ण हक्कांच्या सनदेचा समावेश आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला किंवा नातेवाइकांना तपशीलवार देयक मागता येते. वापरलेल्या रोपणाच्या वेष्टनावरील क्रमांकाची चिकटपट्टी नोंदपत्रावर लावून घेता येते, आणि एकल-वापर साधनांबाबत रुग्णालयाचे लेखी धोरण काय आहे, हे विचारता येते. अशा धोरणात कोणती साधने कधीच पुन्हा वापरायची नाहीत, कोणती किती वेळा वापरायची, प्रत्येक फेरीची नोंद कोणी ठेवायची आणि रुग्णाला काय सांगायचे, एवढ्या गोष्टी तरी नमूद असणे अपेक्षित असते.

हेही पाहा

निर्जंतुकीकरण
गुडघारोपण शस्त्रक्रिया
जैवपटल
जैववैद्यकीय कचरा
रुग्णालयजन्य संसर्ग
ग्राहक संरक्षण कायदा